कर्कवॉल ते पापा वेस्ट्रे : पंधरा मिनिटं

लेस्टर
रविवार, १८ मे २०२५

इंदू,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. तुझे दाजी बरे आहेत, म्हणजे गुडघा सोडून. मनाली मँचेस्टरला मजेत आहे. आणि मला काय धाड भरलीय!

आईच्या फ्युनरलपासून तू माझा फोन घेत नाहीस. अकरा महिने होत आले. मेसेजला निळी टिक येते, म्हणजे जिवंत आहेस एवढं कळतं. भाचीशी बोलतोस, दाजींना वाढदिवसाचं कार्ड पाठवतोस, मग मीच काय तुझं घोडं मारलंय? मनाली म्हणाली, "मम्मी, मामाला लेटर लिही ना. तो लेटर फेकत नाही." म्हणून बसलेय लिहायला. एकतीस वर्षं कौन्सिलच्या हाउसिंगमध्ये लोकांना पत्रं पाठवली, पण सख्ख्या भावाला पहिल्यांदाच लिहितेय. कशी वेळ आणलीस बघ.

मुद्द्याचं सांगते. सोळा जूनला आईला जाऊन वर्ष होईल. आदल्या दिवशी, रविवारी, विहारात वर्षाचा कार्यक्रम ठेवलाय. आधी वंदना, मग जेवण. साठ-सत्तर माणसं होतील. तू यायचंस. सिंधुबाईंचा मुलगा कुठंय, असं मला कोणी विचारलेलं चालणार नाही.

माझं बोलणं तू मनात धरून बसलायस, हे कळतं मला. फ्युनरलच्या दिवशी मी माइकवर रागात बोलले, कबूल. पण खोटं काय बोलले, तूच सांग. आईचं जास्त झाल्यावर मी तुला लगेच फोन केला. त्याआधी इंटरनेटवर बघूनही ठेवलं होतं. तुझं बेट पापा वेस्ट्रे आणि ऑर्कनीचं मोठं विमानतळ कर्कवॉल, दोन्हींमधलं अंतर चव्वेचाळीस किलोमीटर, विमानाला पंधरा मिनिटं. आईच्या अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं. कर्कवॉलहून पुढे काय, मोठी विमानं आहेतच. अरे, चव्वेचाळीस किलोमीटर म्हणजे लेस्टर ते नॉटिंगहॅम! नॉटिंगहॅमहून मुलगा आईपर्यंत पोहोचला नाही, तर लोक काय म्हणतील? मी तेवढंच म्हणाले, "पंधरा मिनिटांचं विमान होतं, माझ्या भावाला तेवढंही जमलं नाही."

तू तिसऱ्या रांगेत होतास, पांढऱ्या शर्टात. मान खाली घालून ऐकलंस. मग ताट तसंच टाकून उठलास आणि कोणाला न सांगता निघून गेलास. मी स्वतः वाढलेलं ताट होतं ते, इंदू.

ये रे बाबा. नव्वद माणसांच्या बेटावर आमचा इंदू एकटा नर्स आहे, सगळं बेट सांभाळतो, हे मी विहारात दहादा सांगते. आता लोक विचारतात, आणि मी काहीतरी थाप मारते. चार दिवस तुझ्या जागी दुसरं कोणी मिळणार नाही का? तुझ्यासाठी आमटीचा येसर मसाला करून ठेवलाय. आईची चव नाही त्याला, गोड मानून घे.

तुझी ताई,
आशा


कर्कवॉल
बुधवार, ११ जून २०२५

इंदू,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मीच आले.

विहारातला रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. फोन करून करून घसा बसला माझा. शेवटी मी म्हटलं, माणसं काय, पुढच्या महिन्यातही जेवतील. आईची वर्षाची वंदना आधी आम्ही दोघं बहीणभाऊ करणार, ती तो जिथं असेल तिथं. तुझे दाजी म्हणाले, "जा, आणि एकदाचं भांडून ये." आणि खरं सांगू? मी घरातून निघाले ती भांडायच्याच तयारीनं.

काल सकाळी सहाला घर सोडलं. दोन गाड्या बदलून एडिनबरा. तिथे मुक्काम, आज विमानानं कर्कवॉल. उतरले तेव्हा लख्ख ऊन, समुद्र असा चमकत होता की डोळे दिपले. मी मनात म्हटलं, बघ, आता राहिली पंधरा मिनिटं. तुझ्याकडचं विमान दोनचं. ते बघून मला हसूच आलं, पंख लावलेली मिनीबस! आठ माणसं जेमतेम. खिडकीतून फोटो काढून मनालीला पाठवला.

पावणेदोनला समुद्रावरून धुकं आलं. आलं म्हणजे काय, दहा मिनिटांत ती मिनीबसच दिसेना. इथली माणसं त्याला 'हार' म्हणतात. मी काउंटरवरच्या पोराला विचारलं, किती वेळ राहतं? तो म्हणाला, तासभर, नाहीतर दोन दिवस. आणि वर हसला! मी म्हटलं, बाळा, पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे. तो म्हणाला, "हो, विमान उडालं की पंधरा मिनिटंच लागतात."

चार वाजता विमान रद्द झालं. बोटीनं जा म्हणाले. आधी मोठी फेरीबोट शेजारच्या वेस्ट्रे बेटावर, तिथून लहान बोट तुझ्याकडे. लहान बोट ऐकूनच मी नको म्हटलं. पार्कच्या तळ्यातल्या बोटीतसुद्धा मला उलटी झाली होती, आठवतंय ना? किती हसला होतास, मेल्या.

मग चहा घ्यायला गेले. चहा देणारी बाई माझ्याकडे निरखून बघत होती. म्हणाली, "तू इंडीची कोण?" इंडी! मला कळायला वेळ लागला. बहीण, म्हटलं. तिनं चहा दिला आणि समोरची खुर्चीच ओढून बसली.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. म्हणाली, मागच्या जूनमध्ये तो त्या खिडकीपाशी बसला होता. शनिवारी धुक्यामुळे त्याच्या बेटावरून विमान उठलं नाही, म्हणून कोणाच्या तरी मासेमारीच्या बोटीतून वेस्ट्रेला आला, तिथून फेरीनं इथं. रविवारी विमानतळाचं दार उघडायच्या आधीपासून बाहेर उभा होता. इथेही धुकं. एडिनबराचं विमान एक तास उशिरा, दोन तास उशिरा. साडेनऊला त्याला फोन आला. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिला, दुपारपर्यंत. मी नेऊन दिलेला चहा तो प्यायलाच नाही.

इंदू, साडेनऊचा फोन माझा होता.

मी म्हणाले, "आई गेली." तू म्हणालास, "बरं." मला वाटलं तू घरी आहेस, अंथरुणात आहेस. त्या 'बरं'वर मी दोन आठवडे जळत राहिले आणि मग माइकपाशी गेले.

अरे, सांगायचं नाही का मला? सगळ्यांसमोर उठून म्हणायचं होतंस, ताई, तोंड आवर, मी बोटीतून आलो होतो. तेवढा हक्क नाही का तुझा? त्या बाईसमोर मी ढसाढसा रडले. कर्कवॉलच्या विमानतळावर, एवढ्या लोकांत! तिनं मला टिश्यू दिले आणि जवळच्या एका घरात खोली मिळवून दिली. तिथंच बसून लिहितेय. तुला मेसेज केलाय, कर्कवॉलला आहे म्हणून. निळी टिक आली.

माझं चुकलं, इंदू. साफ चुकलं.

ताई


कर्कवॉल
गुरुवार, १२ जून २०२५

इंदू,

आजही धुकं. सकाळी जाऊन आले, दुपारी जाऊन आले. आता काउंटरवरचा पोरगा मला नावानं ओळखतो.

कालचं पत्र वाचून पाहिलं. 'माझं चुकलं' लिहून मी मोकळी झाले. पण ते अर्धंच आहे. माइकवर बोलले तेवढंच चुकलं असतं, तर तुझ्या पाया पडून मामला मिटवला असता. मोठी असले म्हणून काय झालं!

लेस्टरच्या पत्रात मी लिहिलंय, 'आईचं जास्त झाल्यावर मी तुला लगेच फोन केला.' ते खोटं आहे.

तुला मी शुक्रवारी संध्याकाळी कळवलं. मला डॉक्टरनं मंगळवारी दुपारी सांगितलं होतं. मला बाजूच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले. तो म्हणाला, फार दिवस नाहीत, ज्यांना बोलवायचं त्यांना आताच बोलवा. मंगळवारी, इंदू. हे दाजींना माहीत नाही, मनालीला नाही, कोणालाच नाही. तू त्याच संध्याकाळी सहज फोन केलास. विचारलंस, "ताई, खरंच ठीक आहे ना?" आणि मी म्हणाले, "हो रे, अँटिबायोटिक चालू आहे, खातेपिते, काळजी करू नकोस."

का बोलले असेन तसं? वर्षभर मी स्वतःला एक कारण सांगत आले. ते असं. आजोबा गेले तेव्हा गावाहून तार आली होती, 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' मी तेरा वर्षांची होते, तू दोन. बाबांनी तार वाचली आणि जिन्यातच खाली बसले. मी म्हटलं, बाबा, सिरियस आहेत ना फक्त? तर आई म्हणाली, "अगं, सिरियस लिहितात म्हणजे माणूस गेलेला असतो. लांबच्या माणसाला एकदम सांगत नाहीत." ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'सिरियस' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. वाटलं, तो शब्द म्हटला की आई गेलीच. आणि तू तिकडे एकटा, वाटेत तुझं काही बरंवाईट झालं तर? अजून दोन दिवस बघू, मग सांगू. कार्डामागे लिहिलंच होतं, पंधरा मिनिटं. मला वाटलं, कधीही बोलावलं तरी येशील.

हे सगळं खरं आहे. पण खरं कारण हे नाही. ते लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

मला ते तीन दिवस हवे होते.

तू वाटेकडे डोळे लावून मिळालेला मुलगा. तू घरात आलास की आई माझ्याकडे बघायचीही नाही. शेवटची नऊ वर्षं तिचं औषध, तिची आंघोळ, तिची नखं, सगळं मी केलं. आणि शनिवारी तुझा फोन आला की ती नटून बसायची, फोनवर तुला काय दिसणार होतं? मी कधी बोलले नाही, पण मला राग यायचा. कसला, हेवाच म्हण. त्या मंगळवारी डॉक्टर बोलला आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की इंदू आला की ही पुन्हा त्याची होणार. ते तीन दिवस ती फक्त मला हाक मारत होती. पाणी, आशा. उशी, आशा. मी तिचे केस विंचरले, पायांना तेल चोळलं. ती एकदा म्हणाली, "तुझे हात माझ्या आईसारखे आहेत." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असं. तेवढ्यासाठी मी तुझी आई तुझ्यापासून लपवून ठेवली.

गुरुवारी तिनं विचारलं, "इंदू कधी येतो?" मी म्हटलं, "निघालाय." तू तेव्हा कुठे निघाला होतास, तुला माहीतच नव्हतं. पण ती हसली. नंतर पुन्हा विचारलं नाही. तू वाटेत आहेस असं समजूनच ती गेली.

आणि मग मी हॉलमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर तुला बोलले. मला वाटत होतं, कोणी विचारायच्या आत बोट तुझ्याकडे दाखवलेलं बरं. अशी तुझी बहीण आहे.

ताई


कर्कवॉल
शुक्रवार, १३ जून २०२५, सकाळ

इंदू,

आज ऊन पडलंय. दहाचं विमान वेळेवर आहे, माझं नाव यादीत आहे. पण मी त्यात बसत नाहीये.

कालचं लिहिलेलं पिशवीत घालून तुझ्या दारात येणार होते. रात्री विचार केला. मी समोर आले की तू काहीच बोलणार नाहीस. चहा टाकशील, खुर्ची देशील, बॅग आत नेशील. आईचा स्वभाव घेतलायस. मग मी हे पत्र तुला देणारच नाही, मला माझी खात्री आहे. चार गोष्टी करीन, वंदना करीन, सुखानं परत जाईन, आणि तू उरलेला जन्म 'बरं' म्हणून काढशील.

तुमच्या बेटावरच्या शाळेच्या बाई याच विमानानं परत चालल्यात. काल धुक्यात विमानतळावर शेजारी बसून ओळख झाली. आधीची दोन आणि हे तिसरं, तीनही पत्रं त्यांच्या हातात देते. तू निवांत वाच. रागावशील, तर रागाव. यापुढे तोंड बघायचं नसेल तर एवढंच कळव, 'येऊ नकोस.' मी सोमवारी इथं समुद्रावर बसून एकटीनं वंदना करीन आणि मंगळवारी घरी जाईन. कोणाला एक शब्द बोलणार नाही. विहारात मात्र सांगणार आहे, सगळं, मंगळवारपासूनचं. ते तू आलास-नाही आलास, त्यावर अवलंबून नाही.

तू दोन वर्षांचा असताना मी तुला कडेवर घेऊन बेलग्रेव्ह रोडवर फिरायचे, लोकांना वाटायचं माझंच पोर आहे. मला ते फार आवडायचं. त्या पोराला मी असं फसवलं.

विमानात बसायला बोलावतायत. बाई उठल्या. देते.

ताई


पापा वेस्ट्रे
शुक्रवार, १३ जून, संध्याकाळ

ताई,

जय भीम. तुझी तीन पत्र मिळाली. मला मराठी वाचायला टाइम लागतो, म्हणून क्लिनिक झाल्यावर दार लावून बसलो. दोनदा वाचलं. माझं लिहिणं चुकेल, हसू नको. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुला एक गोष्ट माहीत नाही.

मंगळवारी मी सहज फोन नव्हता केला. त्याच्या आधी एक तास मला वॉर्डवरून फोन आला होता. आईच्या फॉर्मवर माझं पण नाव होतं. एक लेडी डॉक्टर बोलली, सगळं नीट सांगितलं. किडनी, ऑक्सिजन, आणि शेवटी, 'दिवस आहेत, आठवडे नाहीत.' ताई, मी नर्स आहे. हे वाक्य मी स्वतः लोकांना सांगतो, त्यांच्या किचनमध्ये बसून. मला लगेच समजलं.

मग मी तुला फोन केला आणि विचारलं, खरंच ठीक आहे ना? तू म्हणाली, हो रे, खातेपिते. मला माहीत होतं तू खोटं बोलते. आणि मला बरं वाटलं. कारण ताईने सांगितलं ठीक आहे, मग मला यायला नको.

बाबांच्या वेळी मी तिथे होतो. तू बाहेर लोकांना फोन करत होती, मी एकटा आत होतो. तो शेवटचा श्वास मी ऐकला. बाकीच्या लोकांचा ऐकतो, ते माझं काम आहे. आईचा मला ऐकायचा नव्हता.

मंगळवारी इथे आकाश क्लिअर होतं. बुधवारी पण. गुरुवारी पण. विमान रोज माझ्या क्लिनिकवरून गेलं. मी आत लोकांचं बीपी चेक करत होतो. एका दिवसात दुसरा नर्स पाठवतो असं ऑफिसवाले म्हणाले होते, मी नको म्हणालो. शुक्रवारी तू खरं बोलली, तेव्हा मला लपायला काही राहिलं नाही, म्हणून निघालो. मग धुकं आलं. सगळे मला म्हणतात, पुअर इंडी, त्या धुक्यामुळे. मी कोणाला सांगितलं नाही.

तू माइकवर म्हणाली, पंधरा मिनिटांचं विमान, जमलं नाही. लोकांना वाटलं आशाताई रागात बोलते. मला वाटलं, तिला वॉर्डवाल्यांनी सांगितलं, तिला सगळं माहीत आहे. म्हणून मी एवढे महिने फोन घेतला नाही. मला राग नव्हता आला, ताई. मी घाबरलो होतो. फोन घेतला की तू विचारशील, मंगळवारी का नाही आलास.

तू तीन दिवस चोरले नाहीत. मी ते सोडून दिले होते. बरं झालं ते तुला मिळाले. तू आईला सांगितलं मी निघालो, त्यासाठी थँक यू. तिच्यासाठी तरी मी निघालो होतो.

हे पत्र उद्या सकाळच्या विमानात पायलटकडे देतो, काउंटरवरचा मुलगा तुला देईल. दुपारच्या विमानात तुझं नाव मी टाकलं आहे, काउंटरवर विचार. वारा चांगला आहे. मी खाली धावपट्टीजवळ उभा राहतो.

सोमवारी आपण घरीच करू. मला पंचशीलपर्यंत येतं. पुढचं तू म्हण, मी तुझ्या मागून म्हणतो.

इंदू